दाताची कॅप आणि ती घासणाऱ्याची छाती

आमच्या वाचकांपैकी बऱ्याच जणांच्या तोंडात आज एखादी तरी कॅप बसलेली असेल. रात्रपाळी, वेळीअवेळी जेवण, चहावर चहा आणि तंबाखूची चिमूट यांनी रेल्वेतल्या आणि टपाल खात्यातल्या माणसाच्या दातांचे जे व्हायचे ते होते. मग रेल्वे हॉस्पिटल किंवा सीजीएचएसचा दवाखाना, तिथून दाताच्या डॉक्टरांकडे फेऱ्या, रूट कॅनाल आणि शेवटी कॅप. डॉक्टर माप घेतात, चार-आठ दिवसांनी या म्हणतात, आणि आपण जातो तेव्हा एका छोट्या डबीतून पांढरीशुभ्र कॅप निघते. या चार-आठ दिवसांत ती कॅप कुठे होती, कोणी घडवली, कशाने घासली, हे ना आपण विचारतो ना कोणी सांगतो. बिलावरही त्या माणसाचे नाव नसते.

तो माणूस म्हणजे दंत प्रयोगशाळेतला कारागीर. दाताच्या धंद्यातली माणसे त्या जागेला नुसते 'लॅब' म्हणतात. १९४८ च्या दंतवैद्य कायद्याने त्या कारागिराला 'डेंटल मेकॅनिक' असे नाव दिले. मेकॅनिक हा शब्द आम्हाला आवडतो, कारण हे काम खरोखरच फिटरचे आणि ग्राइंडरचे आहे. फरक एवढाच की माटुंग्याच्या वर्कशॉपातला फिटर ज्या मापात काम करतो त्याच्या कितीतरी बारीक मापात याला काम करावे लागते, आणि माटुंग्याच्या फिटरमागे युनियन आहे तशी याच्यामागे कोणीही नाही. दिल्ली, नोएडा, गाझियाबाद, गुरुग्राम, फरिदाबाद या पट्ट्यात दाताचे दवाखाने जसे वाढले तशा या लॅबही वाढल्या. एखाद्या इमारतीच्या मागच्या जिन्याने वर जावे, दोन खोल्या, चार-सहा टेबले, प्रत्येक टेबलावर एक दिवा आणि एक घरघरणारी मोटर. पाटी असलीच तर एवढीशी. आम्ही अशा एकदोन जागा पाहिल्या आणि जे पाहिले त्याबद्दल फेडरेशनच्या पत्रात लिहिले पाहिजे असे आम्हाला वाटले.

आधी ज्या पदार्थाची आजची कॅप होते त्याविषयी. त्याला झिरकोनिया म्हणतात. मूळ धातू झिरकोनियम. १७८९ साली क्लाप्रोट या जर्मन रसायनतज्ज्ञाने तो सिलोनच्या खड्यातून ओळखला. ज्या झिरकॉन वाळूतून तो निघतो ती आपल्याकडे केरळात चवऱ्याला, तामिळनाडूत मनवलाकुरिचीला आणि ओडिशात छत्रपूरला समुद्रकिनारी सापडते. तिथे सरकारी इंडियन रेअर अर्थ्सचे, म्हणजे आजच्या आयआरईएलचे, कामगार ती वेगळी काढतात. या धातूचा ऑक्साइड एरवी तापवून थंड केला की तडकतो. पण त्यात यट्रियासारखा दुसरा ऑक्साइड थोडा मिसळला तर तो टिकतो, आणि टिकतो तो असा की १९७५ साली ऑस्ट्रेलियातल्या तिघा शास्त्रज्ञांनी 'नेचर' या नियतकालिकात त्यावर लेख लिहिताना, हे चिनीमातीतले पोलाद म्हणावे काय, असा प्रश्नच मथळ्याला घातला. दातांच्या धंद्यात हा पदार्थ संगणकावर चालणारी कातणयंत्रे आल्यावर, म्हणजे गेल्या शतकाच्या अखेरीस, शिरला आणि पुढच्या वीस वर्षांत त्याने धातूच्या कॅपला बरेचसे मागे सारले.

कॅप कशी होते ते ऐकण्यासारखे आहे. झिरकोनियाची जाड चकती येते, आपल्या पोळीपाटाच्या चकलीएवढी म्हणा, पण खडूसारखी कच्ची. संगणकावर दाताचा आकार रेखतात, आणि यंत्र त्या चकतीतून कॅप कातते. कातताना ती मुद्दाम मोठी, शेकडा वीस-पंचवीस टक्क्यांनी मोठी ठेवतात. कारण मग ती भट्टीत जाते, सुमारे १५०० अंश सेल्सिअसला कित्येक तास भाजली जाते, आणि आवळून बरोबर मापाची होते. भट्टीत जाण्यापूर्वी ती नखाने खरवडता येईल इतकी मऊ असते. भट्टीतून बाहेर आली की पोलादाची कानस तिच्यावर घसरते. टंगस्टन कार्बाइडच्या बरनेही ती कातली जात नाही, नुसती तापते. तिला हिराच लागतो.

आणि इथून कारागिराचे खरे काम सुरू होते. यंत्राने कितीही बारीक कातले तरी कॅपची कड जुळवावी लागते, आतली बाजू जिथे अडते तिथे हलकेच काढावी लागते, चावताना वरचा आणि खालचा दात जिथे टेकतो तिथे पाव मिलिमीटरच्या आत खेळ चालतो. हातात बोटभर जाडीचा हँडपीस, त्यात हिऱ्याचे कण बसवलेला दगड किंवा बर, आणि फेरे मिनिटाला तीस-चाळीस हजार. आमच्या वर्कशॉपवाल्या बंधूंना हे सांगायला नको की चाकावर जितके फेरे छापलेले असतात त्यापुढे ते चालवायचे नाही, दांडा वाकलेला असेल तर फेकून द्यायचा, आणि चाक बोथट झाले की माणूस जोर लावतो व जोर लावला की काम जळते. हे सगळे नियम त्या बोटभर हत्यारालाही जसेच्या तसे लागू आहेत. वाकलेल्या दांड्याचा बर चाळीस हजार फेऱ्यांना डोळ्याला सरळच दिसतो, पण कॅपवर हातोडीसारखा आपटत असतो.

झिरकोनियाचा स्वभाव असा की तापवून चालत नाही. हा पदार्थ ज्या स्फटिकरूपात टिकवून ठेवलेला असतो ते रूप घासण्याच्या ताणाने आणि उष्णतेने पृष्ठभागावर बदलते. बदलताना तो कण चार टक्क्यांच्या आसपास फुगतो. थोडे फुगणे उपकारक, कारण फुगलेले कण चिरेला दाबून धरतात. पदार्थाच्या ताकदीचे गुपितच ते आहे. पण जाड हिरा कोरडाच जोरात दाबला तर खोल ओरखडे पडतात, आणि ओरखड्याच्या तळाशी डोळ्याला न दिसणारी चीर राहते. ती कॅप आज बसते, डॉक्टर खूष, रोगी खूष. दोन-चार वर्षांनी एक दिवस भाकरीचा तुकडा चावताना तिचे दोन तुकडे होतात. तेव्हा दोष त्या कारागिराच्या माथी.

म्हणून जाणत्या कारागिराची रीत ठरलेली आहे. जेवढी दुरुस्ती करता येईल तेवढी भट्टीपूर्वी, कच्च्या अवस्थेत करायची. भाजल्यानंतर करावीच लागली तर बारीक हिऱ्याने, पाण्याच्या फवाऱ्याखाली, पिसासारख्या हलक्या हाताने. दोन दातांना जोडणाऱ्या सांध्यात चकती घालायचीच नाही, पूल तिथेच तुटतो. मग हिऱ्याची पूड मिसळलेले रबरी पॉलिशर, आधी जाड मग मध्यम मग बारीक, एकही पायरी न गाळता, आणि शेवटी ब्रशवर हिऱ्याची पेस्ट. पुष्कळ ठिकाणी ही घासाई टाळून वरून काचेचा मुलामा देतात, त्याला ग्लेझ म्हणतात. भट्टीत घातले की चकाकी येते आणि वेळ वाचतो. पण मुलामा वर्ष-दोन वर्षांत चावून चावून उडतो. खाली खरखरीत झिरकोनिया असला तर तो समोरच्या नैसर्गिक दाताला कानशीसारखा खातो. नीट पॉलिश केलेला झिरकोनिया समोरच्या दाताला सगळ्यात कमी झिजवतो, हे प्रयोगशाळेत पुन्हा पुन्हा दिसून आलेले आहे. थोडक्यात, रोग्याचा दुसरा दात वाचणे न वाचणे हे त्या रबरी पॉलिशरच्या तिसऱ्या पायरीवर अवलंबून असते, आणि ती पायरी होणे न होणे कारागिराला नगामागे काय मिळते यावर.

आता धुळीचे. पाण्याचा फवारा आणि शोषक पंखा असेल तर घासाईची धूळ कारागिराच्या नाकापर्यंत फारशी येत नाही. नसेल तर ती सारी तोंडासमोर वीतभर अंतरावर उडते, कारण हे काम डोळ्याजवळ धरूनच करावे लागते. काही मालक म्हणतात की झिरकोनियात सिलिका नाही, तेव्हा भीतीचे कारण नाही. पहिले वाक्य खरे आहे. शुद्ध झिरकोनियाची धूळ दगडाच्या धुळीइतकी घातक मानली जात नाही. पण लॅबमध्ये झिरकोनियाची खोली वेगळी आणि बाकीची वेगळी असे कुठे असते? त्याच टेबलावर सकाळी पोर्सेलीन घासले जाते, त्यात क्वार्ट्झ असते. धातू ओतण्यासाठी जो साचा करतात त्या इन्व्हेस्टमेंटमध्ये क्वार्ट्झ आणि क्रिस्टोबलाइट असते, आणि ओतकाम झाल्यावर तो साचा फोडून झाडला जातो. कोबाल्ट-क्रोमच्या पट्ट्या घासतात, त्याची धातूची धूळ. कवळीचे अॅक्रिलिक घासतात, त्याची वेगळी. मालकाचे वाक्य एका पदार्थापुरते खरे आहे; कारागिराच्या छातीत मात्र सगळे पदार्थ एकाच नळीने जातात.

अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २००४ साली अहवाल दिला की १९९४ ते २००० या काळात तिथल्या पाच राज्यांत दंत प्रयोगशाळांतल्या नऊ कारागिरांना सिलिकोसिस झाल्याचे नोंदीत सापडले. नऊ हा आकडा लहान वाटेल. पण तो अशा देशातला आहे जिथे असा रोगी डॉक्टरने कळवायचा असतो आणि तपासनीस मागे जाऊन लॅब पाहतो. २०१८ साली त्याच केंद्राने व्हर्जिनियातल्या एका मोठ्या रुग्णालयाची नोंद छापली: फुफ्फुस चिवट होऊन श्वास बंद पडत जाण्याच्या रोगासाठी २००० ते २०१५ या काळात आलेल्या ८९४ रोग्यांत दंतक्षेत्रातले नऊ जण होते, आठ दंतवैद्य आणि एक कारागीर, त्यांतले सात वारले. कारण सिद्ध झाले असे त्यांनी म्हटले नाही, आम्हीही म्हणत नाही. म्हणायचे एवढेच की तिथे कोणी मोजायला बसले. आपल्याकडे असा कारागीर खोकत दवाखान्यात गेला तर त्याला काय काम करतोस असे विचारले जाईल याची खात्री नाही. क्षयाच्या गोळ्या मात्र लगेच मिळतील.

दिल्लीकरांना हे नवे नाही. लाल कुआँ, तुघलकाबादच्या बाजूची वस्ती, आमच्यापैकी जुन्या लोकांनी पाहिलेली आहे. तिथल्या खडी फोडणाऱ्या क्रशरांनी सारा परिसर पांढरा केला होता. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाने ते क्रशर बंद करून हरियाणात पालीला हलवायला लावले. दिल्लीची हवा त्यातून काही सुधारली असेल. पण ज्यांनी वर्षानुवर्षे ती धूळ ओढली ती माणसे लाल कुआँतच राहिली, छातीत दगड घेऊन, आणि त्यांतल्या कितीतरी जणांवर क्षय म्हणून उपचार होत राहिले. क्रशर हलवता येतो, फुफ्फुस हलवता येत नाही. तिथे निदान ढग दिसत होता. जाणाऱ्या-येणाऱ्याला ठसका लागत होता. लॅबमधली धूळ दिव्याच्या उजेडाबाहेर दिसतसुद्धा नाही. जी दिसत नाही तीच वाईट, पाच मायक्रॉनच्या खालची, जी छातीच्या तळापर्यंत उतरते.

कायदा काय म्हणतो? १९४८ च्या कारखाना कायद्याने सिलिकोसिस हा कळवायचा रोग ठरवला आणि धुळीत किती क्वार्ट्झ असले तर हवेत किती धूळ चालेल त्याचे गणितही दिले. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने अॅस्बेस्टॉसच्या खटल्यात स्पष्ट सांगितले की कामगाराचे आरोग्य हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे. हे सगळे कागदावर उत्तम. पण कारखाना कोणाला म्हणायचे? विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तर, असे जुना कायदा म्हणत होता. सहा माणसांची लॅब त्यात बसत नव्हती. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अंमलात आणल्या गेल्या, आणि त्यांतल्या सुरक्षा व आरोग्याच्या संहितेने तो दहाचा आकडा वीसवर नेला. म्हणजे जी अठरा-एकोणीस माणसांची मोठी लॅब काल कारखाना होती ती आज नाही. सुधारणा म्हणून जे ढोल वाजवले गेले त्यात हा ठोका कोणी ऐकू दिला नाही.

तरी याच संहितांच्या जाडजूड पुस्तकात एक बारीक फट आहे आणि ती आपण वापरली पाहिजे. सामाजिक सुरक्षा संहितेत राज्य विमा योजनेला सर्वसाधारणपणे दहा कामगारांची अट आहे. पण केंद्र सरकारने एखादा धंदा धोक्याचा म्हणून अधिसूचित केला तर त्या जागेत एकच कामगार असला तरी योजना लागू होते, अशी तरतूद आहे. ही राज्य विमा योजना १९५२ साली प्रथम सुरू झाली ती कानपूर आणि दिल्ली या दोनच ठिकाणी. जिथे योजना जन्मली तिथला धूळ खाणारा कारागीर तिच्या बाहेर, हे कसले लक्षण? आमचे म्हणणे असे की सिरॅमिक, धातू आणि साच्याची कोरडी घासाई जिथे होते ती दंत प्रयोगशाळा धोक्याच्या धंद्यांच्या यादीत आली पाहिजे आणि आपल्या फेडरेशनने ही मागणी श्रम मंत्रालयापुढे लेखी ठेवली पाहिजे.

यावर आमच्यातलेच काही विचारतील, आपल्याच मागण्यांचा ढीग पडला आहे. रिक्त पदे, पेन्शन, खाजगीकरण, त्यात दुसऱ्याच्या धुळीचे ओझे कशाला? प्रश्न रास्त आहे. पण इथे आपण परके नाही, गिऱ्हाईक आहोत, आणि लहान गिऱ्हाईकही नाही. रेल्वेची स्वतःची हॉस्पिटले आहेत, दिल्लीत बसंत लेनला उत्तर रेल्वेचे मध्यवर्ती रुग्णालय आहे. टपालवाले आणि निवृत्त मंडळी सीजीएचएसच्या पॅनेलवरच्या दवाखान्यांत जातात. दर ठरवताना, पॅनेलवर घेताना, करार करताना, सरकार शंभर अटी घालते; खुर्च्या किती, एक्स-रे कसला, पाटी कोणत्या रंगाची. मग कॅप जिथे घासली जाते तिथे पाण्याचा फवारा आहे का, टेबलाला शोषक आहे का, कारागिराची वर्षातून एकदा छाती तपासली जाते का, ही अट का नसावी? रेल्वेच्या आरोग्यविषयक बैठकांत आपले प्रतिनिधी बसतात. तिथे हा एक प्रश्न विचारायला पैसा लागत नाही.

लॅबमालकाविषयीही बोलले पाहिजे, कारण सरसकट शिव्या देऊन भागत नाही. या धंद्यातला लहान मालक पुष्कळदा कालचा कारागीरच असतो. कातणयंत्र आणि भट्टी त्याला परवडत नाही, तेव्हा तो मोठ्या केंद्रातून कातून घेतो आणि घासाई, रंग, चकाकी एवढेच त्याच्या हाती उरते. वरून डॉक्टर दर पाडून मागतो, उद्याच्या उद्या मागतो. मग तो पहिला हात मारतो तो हत्यारावर. हिऱ्याचा बर बोथट झाला तरी चालवायचा, बारीक पॉलिशर गाळायचे, शोषकाची पिशवी महिनोन्महिने बदलायची नाही. आम्ही पाहिलेल्या एका जागी तर कारागीर आपले बर आपल्याच पगारातून आणत होते. कोणी चांगला आणला तर तो घरी जाताना खिशात घालून नेत होता. नगावर मजुरी, हत्यार स्वतःचे, धूळ फुकट. गिरणीत जुन्या काळी असेच चाले असे आमचे वडीलधारे सांगत.

हत्यारे हा मालकाचा खर्च आहे, कामगाराचा नाही, ही गोष्ट आपण रेल्वेत कधीच ठरवून घेतली. गँगमनला आपला फावडा विकत आणायला कोणी सांगत नाही. लॅबमध्येही तेच व्हायला हवे. शिवाय इथे एक सोय अशी आहे की रोग्याचे आणि कामगाराचे हित एकाच नळातून वाहते. ज्या पाण्याने धूळ बसते त्याच पाण्याने कॅप थंड राहते आणि चिरत नाही. ज्या धारदार हिऱ्याला जोर लागत नाही त्याने मनगटही वाचते. कामगारांच्या मागण्यांना समाजाचा पाठिंबा मिळत नाही अशी आपली नेहमीची तक्रार. इथे तर ज्याच्या तोंडात कॅप आहे असा प्रत्येक माणूस आपल्या बाजूला उभा राहू शकतो.

तपासणी कशी करावी याची माहिती या देशात नाही असेही नाही. मुंबईत सायनला सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट आहे, राजधानीच्या उंबऱ्यावर फरिदाबादला त्याच खात्याची प्रादेशिक संस्था आहे, अहमदाबादला व्यावसायिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था आहे. फरिदाबादहून एक माणूस हवा मोजायचे यंत्र घेऊन दिल्लीतल्या दहा-बारा लॅबमध्ये आठवडाभर फिरला तरी पुरावा हातात येईल. तो कोणी मागितलेला नाही म्हणून आलेला नाही.

तोवर आपल्या हातात एक साधी गोष्ट आहे. पुढच्या वेळी ज्याला कॅप बसवायची असेल त्याने डॉक्टरांना दोन गोष्टी विचाराव्यात: डॉक्टरसाहेब, ही कॅप कोणत्या लॅबमध्ये झाली, आणि तिथे घासाई पाण्याखाली होते की कोरडी? उत्तर मिळाले तर ते लॅबच्या पत्त्यासह आपल्या शाखेच्या सचिवांकडे लिहून द्यावे. दिल्ली शाखेने हे पत्ते एकत्र करायचे ठरवले आहे. पुरेसे जमले की ते फरिदाबादच्या संस्थेकडे आणि श्रम मंत्रालयाकडे अर्जासोबत जातील.